फुरसतीचा उद्योग : घरांतलें खारें पाणी

गोड्या पाण्यांतील शोभेच्या माशांविषयीं या सदरांत मागें एकदां लिहिलें होतें. तें वाचून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, "आमच्या चिरंजीवांनीं समुद्राचे मासे घरीं ठेवण्याचा हट्ट धरला आहे, त्याच पेटींतील पाण्यांत मीठ घातलें तर चालेल काय?" या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर 'नाहीं' असेंच द्यावें लागेल, पण तेवढ्यावर थांबलों तर चिरंजीव रुसतील. शिवाय हाच हट्ट आमच्याही घरीं झालेला आहे. पुण्यांतील आमच्या जुन्या वाड्यांत ओसरीलगतच्या खोलींत गेलीं चार वर्षें खाऱ्या पाण्याची एक कांचपेटी नांदत आहे. खालीं जें लिहितों आहें त्यांतील निम्में पुस्तकांतून आलें, आणि उरलेलें निम्में आमच्या चुकांतून.

समुद्राचा तुकडा घरांत आणण्याची ही हौस तशी फार जुनी नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्याच्या उभारणींत ज्यांचा मोठा वांटा होता त्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञांनीं पुढच्याच वर्षीं या विषयावर पुस्तक लिहिलें, आणि इंग्लंडांत घरोघर हें वेड पसरलें. समुद्रापासून दूर राहणारांची अडचण ओळखून गॉस यांनीं साधें मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही दिली होती. पण लोकांनीं कृतीपेक्षां टोपलीच अधिक हातीं घेतली. किनाऱ्यावरच्या खडकांतील डबकीं त्यांनीं इतकीं ओरबाडलीं कीं, कांहीं वर्षांतच तीं ओसाड पडलीं. त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनीं १९०७ सालीं लिहिलेल्या 'फादर अँड सन' या आत्मवृत्तांत वडिलांच्या या खंतीची हकीकत आहे. ती गोष्ट मनांत ठेवूनच पुढचें वाचावें, अशी विनंती आहे. आपल्याकडे मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. त्या कांचांस नाक लावून उभीं राहिलेलीं मुलें आज आजोबा-आजी झालीं आहेत. आमच्या घरच्या हट्टाचें मूळही वडिलांच्या त्या आठवणींतच आहे. पुतण्यानें फक्त तो बोलून दाखविला.

आतां मुद्द्याकडे. नवशिक्यास लहान पेटी सोपी असें वाटतें, तें खरें नाहीं. पाणी थोडें असलें म्हणजे एक मासा मेला तरी सगळें नासतें, दुपारच्या उन्हानें तें तासाभरांत तापतें, आणि थोडें आटलें तरी क्षार एकदम वाढतात. म्हणून तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच याहून लहान पेटी घेऊं नये. पण अशा पेटींत १८० लिटर पाणी मावतें. त्याचें वजन, कांच, दगड, वाळू आणि खालचा घोडा धरून सारें ओझें पावणेतीनशें-तीनशें किलोंच्या घरांत जातें. नव्या इमारतींतही राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरास सुमारें २०० किलो भार येईल असा हिशेब धरलेला असतो. आणि येथें अर्ध्या चौरस मीटराहूनही कमी जागेवर त्याच्या दीडपट ओझें ठेवावयाचें आहे. तेव्हां पेटी नेहमीं भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी, आणि शंका वाटल्यास जाणत्या माणसास दाखवावें. पुतण्याला ती माडीवर स्वतःच्या खोलींत हवी होती. माडीच्या लांकडी तुळयांचें वय आमच्या आजीहून अधिक आहे हें त्यास समजावून सांगण्यांत दोन दिवस गेले. तळमजल्यावर फरशीच्या जमिनीवर ती आली, हें पुढें बरेंच झालें; कारण येतां-जातां सर्वांचेंच लक्ष तिच्याकडे राहिलें.

पेटीवर थेट ऊन येऊं नये. देवघर, स्वयंपाकघर यांपासून ती दूर असावी. धूप, उदबत्ती, फोडणीचा धूर आणि डांस मारण्याचे फवारे हें सर्व हवेच्या पंपावाटे पाण्यांत उतरतें. जवळ भिंतींत वीज हवी, पण ती पेटीच्या पातळीच्या वर असावी, आणि तारेला खालीं झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलें पाणी बटणाकडे न जातां जमिनीवर पडतें.

पाण्याचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे. मुंबईचे एक आप्त चौपाटीचें पाणी कॅनमध्यें भरून आणून देण्यास तयार होते. शहराजवळच्या समुद्रांत शहराचें सर्व कांहीं मिसळलेलें असतें, आणि पावसाळ्यांत नद्यांच्या पुरानें किनाऱ्याचें पाणी अळणी होतें, म्हणून त्यांचे आभार मानून आम्हीं तें नाकारलें. स्वयंपाकाचें मीठही उपयोगी नाहीं. समुद्रांत मीठ असतें हें खरें, पण समुद्र म्हणजे केवळ मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक द्रव्यें ठराविक प्रमाणांत असतात. यासाठीं तयार मिळणारें समुद्री मिश्रणच घ्यावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन व इतर क्षार असतात, म्हणून आर.ओ. यंत्रांतून काढलेलें पाणी घ्यावें. दगड-वाळूनें व्यापलेली जागा सोडून पेटींत दीडशें लिटर पाणी बसतें. त्यास सुमारें साडेपांच किलो मिश्रण लागतें. मासे नसतांना तें पेटींतच कालवावें, पुढें मात्र नेहमीं बाहेर बादलींत कालवून, पंपानें रात्रभर ढवळून, मगच घालावें. हजार भागांत पस्तीस भाग क्षार, अथवा विशिष्ट गुरुत्व १.०२५, हें लक्ष्य होय. तें मोजण्याचें अपवर्तनमापक नांवाचें छोटें उपकरण मिळतें. हायड्रोमीटर स्वस्त पडतो, पण त्याच्या कांट्यावर बुडबुडा चिकटला तर तो खुशाल खोटें सांगतो.

पाणी आटतें, मीठ आटत नाहीं. हें वाक्य इतकें उघड आहे कीं, तें कोणी विसरेल असें वाटत नाहीं. आणि तरी पहिल्या महिन्यांत मीं स्वतः तें विसरलों. पेटी भरून काढतांना आटलेल्या पाण्याच्या जागीं खारेंच पाणी घालीत गेलों, आणि क्षार हळूहळू चढत गेले. आटलेलें भरून काढावयाचें तें गोड्या पाण्यानें. खारें पाणी जुनें काढून नवें घालतांनाच. आमच्याकडे उन्हाळ्यांत पंखा लावल्यावर रोज दोन-तीन लिटर पाणी आटतें.

यानंतर येतें तें या उद्योगांतील सर्वांत कठीण काम, म्हणजे कांहीं न करणें. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें अन्न कुजूनही तोच वायु होतो. समुद्राचें पाणी अल्कधर्मी असल्यानें अमोनिया त्यांत अधिकच विषारी ठरतो. निसर्गांत एका जातीचे सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात, आणि हें शेवटचें द्रव्य बरेंच निरुपद्रवी असल्यानें पाणी बदलून काढून टाकतां येतें. हे जंतु दगडांच्या छिद्रांत व वाळूंत वस्ती करून राहतात. पण ती वस्ती वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्हांस पेटी विकणाऱ्यानें मात्र "आज पाणी भरा, उद्यां मासे सोडा" असें सांगितलें, आणि आम्हीं तसें केलें. दोन नारिंगी मासे चौथ्या दिवशीं पाण्याच्या पृष्ठाशीं तोंड उघडून श्वास घेऊं लागले आणि सहाव्या दिवशीं गेले. पुतण्या त्या वेळीं अकरा वर्षांचा होता. तो रडला नाहीं, पण त्या रात्रीं जेवला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें मला विचारलें, "काका, त्यांना गुदमरायला झालं असेल का?" मीं 'हो' म्हणालों. खोटें सांगणें सोपें होतें, पण मग पुढले सहा आठवडे थांबण्याचें कारण त्याला काय सांगणार?

थांबण्याची रीत अशी. छिद्रमय कोरडे दगड रचावे, वाळू घालावी, पंप चालूं ठेवावा. आणि माशांच्या ऐवजीं जंतूंना अमोनिया आपण द्यावा. आपल्या घरांत भांड्यांस कल्हई करतांना जो नवसागर वापरीत तेंच हें अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईवाल्याच्या पुडींतला नको. प्रयोगशाळेस लागणारें सामान विकणाराकडून शुद्ध घ्यावा. दीडशें लिटर पाण्यास तो जेमतेम एक ग्रॅम पुरतो. बाटलींत मिळणारें जंतूंचें विरजण घातल्यास काम लवकर होतें. विरजण हा शब्द आमच्या काकूंचा, आणि त्याहून चांगला मला सुचलेला नाहीं. रंग बदलणाऱ्या चाचण्यांनीं दर दोन दिवसांनीं पाणी पाहावें. आधीं अमोनिया उतरतो व नायट्राइट चढतें, मग तेंही उतरतें. दिलेला नवसागर चोवीस तासांत पचून दोन्ही शून्यावर आलीं, कीं घर नांदतें झालें असें समजावें. पुतण्यानें या अंकांचा आलेख पाटीवर काढून दिंडीदरवाजाजवळ टांगला होता, आणि दूधवालाही तो पाहून मगच जात असे.

फेस काढणारें एक यंत्र या पेटीस लागतें, त्यास प्रोटीन स्किमर म्हणतात. गुऱ्हाळांत रस उकळतांना वर आलेली मळी काढतात, तसाच त्याचा व्यवहार आहे. तें बारीक बुडबुडे सोडून पाण्यांतील मळ फेसाबरोबर वर आणतें. पेल्यांत जमलेला तो काळपट द्रव एकदां पाहिला म्हणजे यंत्राच्या किंमतीविषयीं तक्रार राहत नाहीं.

मासे किती ठेवावे? या मापाच्या पेटींत चार, फार तर पांच, आणि तेही लहान जातींचे. एकदम नव्हे, आधीं शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई, मग माशांची एक जोडी, दोन-तीन आठवड्यांनीं पुढचा. प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या लहान भांड्यांत ठेवून, अंगावर पांढरे ठिपके येत नाहींत ना हें पाहून, मगच मोठ्या पेटींत सोडावा. ही पायरी सर्वजण चुकवितात व सर्वजण पस्तावतात. पहिली जोडी विदूषक माशांची असावी. २००३ सालच्या एका चित्रपटापासून मुलें त्यास 'निमो' म्हणतात. हा काटक आहे, वाळलेलें अन्न खातो, आणि मुख्य म्हणजे मत्स्यबीजगृहांत त्याची पैदास होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेंही ती साधली आहे. याचें कुटुंबही मौजेचें असतें. सर्व पिलें नर म्हणूनच वाढतात. त्यांतील सर्वांत थोर जो, तो मादी होतो, आणि घरांत तिचेंच चालतें. ती गेली तर तिचा नर मादी होतो व धाकट्यांतील एक त्याच्या जागीं येतो. हें ऐकून आमची आजी म्हणाली, "म्हणजे सासूबाई कधींच संपत नाहींत!" या जोडीस सोबत म्हणून वाळूंत बीळ करणारा गोबी मासा चांगला.

काय घेऊं नये हें अधिक महत्त्वाचें. चित्रपटांतील तो निळा सर्जन मासा फूटभर वाढतो. तीन फुटांच्या पेटींत त्यास ठेवणें म्हणजे घोड्यास न्हाणीघरांत बांधणें होय. रंगीबेरंगी मँडरिन मासा जिवंत सूक्ष्म कवचधाऱ्यांवर जगतो आणि नव्या पेटींत उपाशी मरतो. फुलपांखरी माशांपैकीं पुष्कळ जाती प्रवाळच खातात. समुद्री घोडे, समुद्रकाकड्या आणि दगडी प्रवाळ यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र २००१ सालीं मिळालें; तीं कोणी चोरून विकूं लागला तरी घेणारा तितकाच गुन्हेगार ठरतो. मालवणास सिंधुदुर्गाजवळ पाण्याखालीं डोकावतां येतें. तेथील कांहीं भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथें बाळगोपाळांच्या हातीं किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा एक सुरेख तुकडा लागला. पुतण्यानें तो माझ्या पिशवींत ठेवला, मीं काढला, त्यानें पुन्हां ठेवला. खरें सांगावयाचें तर दुसऱ्या वेळीं माझाही हात क्षणभर थांबला होता. मग आम्हीं दोघांनीं मिळून तो पाण्यांत परत टाकला, आणि गाडींत बसेपर्यंत कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

पकडून आणलेल्या माशांविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या दशकापासून प्रवाळांच्या फटींत सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची रीत पडली. त्यांत प्रवाळ मरतात, आणि वाचलेले मासेही पुढें बहुधा आठवड्यांत दगावतात. म्हणून दुकानदारास 'हा मासा पैदाशीचा कीं पकडलेला?' हें विचारावेंच. लक्षद्वीपांतील अगत्ती बेटावर स्त्रियांचे गट शोभेच्या समुद्री कोळंब्या वाढवूं लागले आहेत. आपला पैसा अशा हातीं गेलेला बरा.

कोळंबीचें नांव निघालें म्हणून आमच्या ठमाबाईची हकीकत सांगतों. लाल अंगावर पांढरा पट्टा असलेली ही सफाई कोळंबी माशांच्या अंगावरील किडे वेंचून खाते. बोट पाण्यांत धरलें तर आमची नखेंही ती साफ करी. आजीनें तिला ठमाबाई म्हणण्यास सुरुवात केली. ज्या घरांत कोळंबी हा शब्द पानावर बसल्यावर उच्चारीत नाहींत, तेथें सकाळीं पहिली चौकशी ठमाबाईची होऊं लागली. दुसऱ्या उन्हाळ्यांत मी तीन आठवडे परगांवीं होतों. आटलेलें पाणी भरण्याचें काम काकूंनीं आपण होऊन पत्करलें. आर.ओ. यंत्रांतील पाणी निःसत्त्व असतें असें त्यांचें मत. म्हणून जीवांना तरी चांगलें मिळावें या हेतूनें त्या तें रात्रभर तांब्याच्या हंड्यांत ठेवून मग पेटींत घालीत. माणसास जें तांबें सोसतें तें कोळंबीस व गोगलगाईस विष होतें. रोज पाणी आटे, तांबें मागें राही, दुसऱ्या दिवशीं आणखी पडे. आधीं गोगलगाई कांचेवर चढेनाशा झाल्या. मग ठमाबाईनें कात टाकली आणि तिच्यांतून ती पुरती बाहेर आलीच नाहीं. माशांस कांहीं झालें नाहीं, म्हणून कोणास संशयही आला नाहीं. मी परत आल्यावर चाचणी केली तेव्हां कारण कळलें.

चूक काकूंची नव्हती. पाण्याचा कॅन प्लास्टिकचाच कां, हें मीं घरांत कोणासच सांगितलें नव्हतें. मला माहीत आहे म्हणजे घरास माहीत आहे, असें मी समजून चाललों होतों. पण काकू त्या खोलींत येईनाशा झाल्या. दगडांनीं शोषलेलें तांबें सुटत राहतें, म्हणून निम्मे दगड बदलले, पाणी पुन्हां पुन्हां बदललें, आणि सहा महिने नवी कोळंबी आणली नाहीं. शेवटीं वडिलांनीं एक पांढरा झांकणाचा कॅन काकूंच्या खोलींत नेऊन ठेवला आणि म्हटलें, "वहिनी, पाणी तुम्हींच घालीत चला. याला भरंवशाचें माणूस पाहिजे." आज त्या कॅनला घरांत दुसरें कोणी हात लावूं शकत नाहीं, मीही नाहीं.

अन्नाचा प्रश्न बिकट होता. गोठविलेल्या कोळंबीचे चौकोनी तुकडे माशांस फार मानवतात. परंतु ते श्रीखंडाच्या शेजारीं बर्फपेटींत ठेवावयाचे कोणीं? यावर आमच्याकडे पंधरवडाभर चर्चा झाली, आणि अखेर वाळलेल्या गोळ्या व समुद्री शेवाळाचे पापुद्रे यांवर तडजोड झाली. मासे त्यांवर सुखानें आहेत. त्या गोळ्यांतही माशांचेंच पीठ असतें हें मीं कोणास आपण होऊन सांगितलेलें नाहीं. हा अंक घरीं आल्यावर सर्वांस कळेलच.

उरलेलें थोडक्यांत. पाण्याची उष्णता २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावी. एप्रिल-मे मध्यें पंखा पुरला नाहीं तर शीतकयंत्र घ्यावें लागतें, आणि तें बहुधा पेटीहून महाग पडतें, हें आधींच हिशेबांत धरावें. वीज जाईल तेव्हांसाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. गरम पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. दर पंधरवड्यास दहा-पंधरा टक्के पाणी बदलावें. हाताला तेल, साबण असतां पाण्यांत हात घालूं नये. आणि नीट सांभाळलेला विदूषक मासा दहा-पंधरा वर्षें सहज जगतो. तेव्हां आज हट्ट धरणारे चिरंजीव उद्यां शिक्षणास बाहेर गेल्यावर त्याचें पुढें कोण करणार, हें पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं पेटी घेण्यापूर्वींच घरांत ठरवून घ्यावें.

गणपतीस आम्ही सारे आठ दिवस कोंकणांत जातों, तेव्हां शेजारच्या काकांकडे किल्ली असते. डबा दिला तर प्रेमानें मूठभर अन्न पडतें, हें पहिल्या वर्षीं कळलें. आतां वैद्यांसारख्या कागदाच्या आठ पुड्या बांधून, त्यांवर वार लिहून, डबा कुलपांत ठेवून जातों. मागच्या खेपेस परत आलों तेव्हां गुरुवारची पुडी तशीच होती. काका म्हणाले, त्या दिवशीं त्यांचा उपास असतो.